परवाना हवा, पण कार्ड भरणाऱ्याच्या अटींवर

यंत्रमागावरची बारा तासांची पाळी संपवून कामगार मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात यायचा. फोनचे मागचे झाकण काढून नखाएवढे मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचा आणि सांगायचा, ‘‘भर दो, भाई.’’ २०१०च्या आगेमागे भिवंडीत धामणकर नाक्यापासून शांतीनगरापर्यंत हा रोजचा व्यवहार होता. दुकानदाराच्या संगणकावर फोल्डर तयार असत: नवी हिंदी, जुनी हिंदी, कव्वाली, भोजपुरी, पद्मानगरातल्या गिऱ्हाइकांसाठी तेलुगू आणि आसपासच्या गावांतल्या पोरांसाठी ‘आगरी हळदी डीजे’. कार्ड रीडरमध्ये जाई, हिरवी पट्टी पुढे सरके, दहावीस रुपये गल्ल्यात पडत. फोन कुठल्या कंपनीचा, ईमेल आहे का, बँकेत खाते आहे का, हे कोणी विचारत नसे. गाणे वाजले नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी येऊन भांडत असे आणि ते बदलून मिळे.

हा धंदा बेकायदा होता, यात शंका नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. गायकाला, गीतकाराला, वादकाला त्या दहावीस रुपयांतला छदामही पोचत नव्हता. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर या दुकानात एक सोडून सगळे बरोबर होते आणि ते एक म्हणजे परवाना. पुढे कायदेशीर डाउनलोड विकणारे आले. त्यांनी परवाना आणला आणि बाकीच्या गोष्टी एकेक करून काढून घेतल्या. पैसे मोजून, रीतसर गाणे उतरवून घेणे श्रोत्याला न्याय्य कधी वाटेल, या प्रश्नाचा गेल्या पंधरा-वीस वर्षांचा धांडोळा घेतला की हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांत समोर येते.

स्वस्त आणि काहीशा वाकड्या वाटेने संगीत लोकांपर्यंत जाणे आपल्याकडे नवे नाही. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने कॅसेट पानाच्या टपरीपर्यंत नेली. कायद्यातल्या ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’च्या सवलतीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. प्रह्लाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे महाराष्ट्राच्या घराघरांत गेली ती मुख्यतः कॅसेटमुळे. त्या कॅसेटचा मालक निःसंशय तिचा मालक होता. शेजाऱ्याला देणे, लग्नात वाजवणे, कंटाळा आला की त्यावरच दुसरे काही भरणे, सगळे त्याच्या मर्जीने. मेमरी कार्डाने ही मालकी टिकवली आणि जागा तेवढी वाचवली.

संगीत कंपन्यांना कार्डाचा धंदा दिसत नव्हता असे नाही. छापे पडत होते, संगणक जप्त होत होते. पण २०१०च्या सुमारास इंडियन म्युझिक इंडस्ट्री या कंपन्यांच्या संघटनेने एक शहाणपणाची गोष्ट केली. ‘मोबाईल म्युझिक एक्स्चेंज’ या नावाने दुकानदारांनाच परवाना देऊ केला. ठरलेले शुल्क भरा आणि सदस्य कंपन्यांची गाणी गिऱ्हाइकाच्या कार्डात राजरोस भरा. माझ्या मते आपल्याकडे झालेला हा सर्वांत योग्य दिशेचा प्रयत्न होता, कारण त्यात श्रोत्याला आपली सवय बदलायला सांगितलेले नव्हते. तो रुजला मात्र नाही. टी-सीरिजसारखी बडी कंपनी आपले परवाने स्वतंत्रपणे देत होती, म्हणजे एका फोल्डरला एक परवाना आणि दुसऱ्याला दुसरा. भोजपुरी, आगरी, तेलुगू गाण्यांच्या छोट्या निर्मात्यांचे काय, याचे उत्तर दुकानदाराला मिळणे कठीण होते. शेजारचा विनापरवाना तीच गाणी त्याच भावात देत होता. आणि पाहता पाहता स्मार्टफोन आले, कार्ड भरण्याचा धंदाच ओसरला.

त्याच वेळी वरच्या वर्गासाठी इंटरनेटवरची दुकाने उघडत होती. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२मध्ये ‘फ्लाइट’ सुरू केले. एक गाणे ६ ते १५ रुपये, साधी एमपी३ फाईल, कुलूप नाही, कुठल्याही फोनवर वाजणारी. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ॲपलचे आयट्यून्स स्टोअर भारतात आले, तेही ७ ते १५ रुपयांच्या भावात. श्रोत्याला न्याय देण्याच्या कसोटीवर फ्लाइट जवळपास पूर्ण उतरत होते, तरीही जून २०१३मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, ते बंद झाले. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला गिऱ्हाइकांना मुदत दिली गेली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बंद होण्याची कारणे दोन सांगितली गेली. एक चोरटी गाणी आणि दुसरे कारण सहासात रुपयांची रक्कम इंटरनेटवर घेण्याचा खर्च. बँकेच्या कार्डाने सहा रुपये भरायचे म्हणजे वसुलीच नफा खाऊन टाकणार.

दुसऱ्या कारणाकडे जरा थांबून पाहू, कारण ते आता उरलेले नाही. यूपीआय २०१६मध्ये आले आणि जानेवारी २०२०पासून त्यावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले. आज भिवंडीत वडापाववाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकतो. फ्लाइट ज्या दगडावर आपटले तो दगड बाजूला झाला, पण तसले दुकान कोणी पुन्हा उघडले नाही. यावरून मी तरी असा निष्कर्ष काढतो की अडचण फक्त पैसे वसूल करण्याची नव्हती. मधल्या काळात कंपन्यांना महिन्याच्या वर्गणीची चटक लागली. एकदाच विकलेल्या फाईलपेक्षा दर महिन्याला येणारे पैसे त्यांना अधिक सोयीचे असतात. योगायोग असा की फ्लिपकार्टची मोठी गोदामे आज भिवंडीतच आहेत. तिथून टीव्ही, चपला, प्रेशर कुकर रोज बाहेर पडतात आणि घेणाऱ्याच्या मालकीचे होतात.

आता भावाचे पाहू. इथे कंपन्यांचे गणित मुळातच चुकलेले आहे. पाच मिनिटांचे गाणे १२८ केबीपीएसच्या दर्जात ५ एमबीच्या आत बसते. म्हणजे २ जीबीच्या कार्डात चारशेच्या आसपास गाणी मावतात. गाण्यामागे ७ रुपये धरले तर ते कार्ड कायदेशीरपणे भरायला २८०० रुपये लागतील. मीटरवर मजुरी मोजून घेणाऱ्या मागवाल्याला ही रक्कम सांगणे म्हणजे त्याची चेष्टा आहे. तो एकेक गाणे कधी घेतच नव्हता, तो कार्ड घेत होता. मग कार्डालाच भाव लावला पाहिजे, हे ज्याला कळले तो या बाजारात टिकला. सारेगामाने २०१७मध्ये ‘कारवाँ’ आणला. रेडिओसारखी पेटी, आत ५ हजार गाणी, किंमत सुमारे सहा हजार रुपये. यंत्र, स्पीकर, बॅटरी सगळे धरून गाण्यामागे सव्वा रुपयाच्या आत. तो धडाक्यात खपला, पुढे मराठी कारवाँही निघाला. गाणी सारेगामाच्याच मालकीची असल्याने त्यांना परवाना दुसऱ्याकडून घ्यावा लागला नाही, ही बाब या हिशेबात धरायला हवी. तरीही रुपयाच्या आसपास गाणे परवडवता येते, आणि आईवडिलांना भेट द्यायला लोक हौसेने पैसे मोजतात, एवढे त्यातून सिद्ध झाले. गंमत म्हणजे त्या पेटीला यूएसबीचे भोकही दिलेले आहे. लोकांकडे स्वतःची भरलेली गाणी असतात, हे कंपनीलाही ठाऊक होते.

भावापेक्षा जास्त तंटा मालकीचा आहे. पैसे दिल्यावर हातात नेमके काय येते? पश्चिमेत हा वाद आधी होऊन गेला. २००३ साली आयट्यून्सने ९९ सेंटला गाणे विकायला सुरुवात केली तेव्हा फाईलला कुलूप होते, ठरावीक यंत्रांपलीकडे ती वाजत नसे. २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिकच्या आणि याहूने आपल्या दुकानाच्या किल्ल्या देणारी यंत्रणा बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा गिऱ्हाइकांना कळले की नवा संगणक घेतला की विकत घेतलेली गाणी मुकी होणार. आरडाओरड झाली. याहूने भरपाई देऊ केली आणि मायक्रोसॉफ्टला मुदत वाढवावी लागली. २००९मध्ये ॲपलनेही गाण्यांवरची कुलपे काढली. म्हणजे कुलूप नको हा निकाल बाजारानेच दिला होता. वर्गणीच्या ॲपमधून मात्र ते मागच्या दाराने परत आले. ॲपमध्ये खाली बाण असलेले जे ‘डाउनलोड’चे चिन्ह दिसते, त्यावर बोट ठेवले की गाणे फोनमध्ये येते खरे, पण ते त्या ॲपच्या पेटीबाहेर काढता येत नाही आणि वर्गणी चुकली की वाजत नाही.

या चिन्हाचा कायदेशीर अर्थ मुंबई उच्च न्यायालयात निघाला, हे फारसे कोणाला माहीत नसते. टिप्स ही संगीत कंपनी आणि एअरटेलचे विंक हे गाण्यांचे ॲप यांच्यात परवान्याच्या पैशांवरून फाटले. विंकने कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१डीचा, म्हणजे प्रसारणासाठी असलेल्या सक्तीच्या परवान्याचा, आधार घेतला. २३ एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती एस. जे. काथावाला यांनी तो फेटाळला. निकालात त्यांनी विंकच्या सोयींची फोड केली: वर्गणी चालू असेपर्यंत फोनमध्ये साठवून ठेवायला देणे हे भाड्याने देणे आहे, कायमचे उतरवून देणे ही विक्री आहे, आणि दोन्हींपैकी काहीच प्रसारण नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये खंडपीठाने हा निकाल कायम केला. भांडण दोन कंपन्यांचे होते, श्रोता त्यात पक्षकार नव्हता. पण न्यायालयाने ओढलेली ही रेघ ॲपच्या बटणावर छापली तर श्रोत्याचे अर्धे काम होईल. भाड्याचे आहे तिथे ‘भाड्याने’ आणि विकत आहे तिथे ‘विकत’ लिहा, एवढीच मागणी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून असा कायदाच लागू आहे. फक्त वापराची परवानगी देत असाल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही.

भाड्याच्या घरातून कधीही बाहेर काढतात, हे आपल्या श्रोत्यांनी अनुभवले आहे. ऑगस्ट २०२४मध्ये एअरटेलने विंक बंद करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ३१ जानेवारीला रेसो हे दुसरे ॲप भारतात बंद झाले होते. लाखोंनी हौसेने सजवलेल्या याद्या आणि साठवलेली गाणी एका सूचनेत निकामी झाली. कार्ड भरणाऱ्याने दुकान बंद केले म्हणून कोणाच्या कार्डातली गाणी पुसली गेली नाहीत.

आपला कायदा श्रोत्याला वाटतो त्यापेक्षा बराच बरा आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ खाली खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीचा रास्त व्यवहार उल्लंघनात मोडत नाही, आणि त्या कामासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणेही चालते. कलम ६५ए मध्ये डिजिटल कुलूप तोडणे गुन्हा आहे, पण हक्काचे उल्लंघन करण्याच्या हेतूने तोडले तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी नाही. अमेरिकेचा कायदा याबाबत कितीतरी कडक आहे. म्हणजे स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून रिक्षात ऐकणाऱ्याने बिचकण्याचे कारण दिसत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही कल्पना आली. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवली तर तो त्यात मोडू शकतो. ॲपच्या अटी वाचल्या तर असे कलम न सापडणे कठीण. या तरतुदींचा वापर गाण्यांसाठी करायला कोणी ग्राहक संघटना पुढे आली, तर ती लढाई लढण्याजोगी आहे.

पैसे काढण्याच्या रीतीबद्दल थोडक्यात. कॉलर ट्यूनच्या काळात न मागता सुरू झालेल्या आणि दर महिन्याला तीसेक रुपये खाणाऱ्या गाण्यांनी लोक इतके पिडले होते, की २०१३मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाला अशा सेवांसाठी गिऱ्हाइकाचा दोनदा होकार घेणे सक्तीचे करावे लागले. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे आणली, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचा नावानिशी उल्लेख आहे. एकरकमी खरेदीत हा सापळाच नसतो. डाउनलोडच्या बाजूने हा साधा मुद्दा फारसा कोणी मांडत नाही.

यूट्यूबवर फुकट मिळते, तर पैसे देऊन उतरवायचे कशाला, असे विचारणारे भेटतील. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर या प्रश्नाला धार आली आणि बहुतेकांपुरते त्याचे उत्तर ‘नकोच’ असे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण काहींपुरते तसे नाही. रिचार्ज संपला की गाणे संपते, हे महिन्याचे शेवटचे चार दिवस कोरडे काढणाऱ्याला ठाऊक असते. मागाच्या खडखडाटात कानात गाणे घालून बसणाऱ्याला दर गाण्यामागे जाहिरात नको असते. आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे हळदीचा डीजे.

भिवंडीभोवतालच्या काल्हेर, कशेळी, राहनाळ, पिंपळास, अंजूर या आगरी गावांत लग्नाची हळद म्हणजे गाण्यांचाच सण. बेंजो पार्टी किंवा डीजे, आणि दर हंगामात नवी गाणी. कलम ५२(१)(झेडए) प्रमाणे लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवायला परवाना लागत नाही. जुलै २०२३मध्ये केंद्राने परिपत्रक काढून ते पुन्हा स्पष्ट केले. वाजवणे कायदेशीर झाले, पण डीजेच्या लॅपटॉपमध्ये ती फाईल कुठून आली? यूट्यूबवरून ओढलेली किंवा कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली. आगरी गाणे करणारा गायक, वादक, गावचा स्टुडिओवाला हे बहुधा ओळखीचेच लोक असतात. डीजे त्यांना पन्नास-शंभर रुपये आनंदाने देईल, चांगल्या दर्जाची, ३२० केबीपीएसची स्वच्छ फाईल मिळत असेल तर. ती विकणारे दुकानच नाही. परदेशात बँडकॅम्प २००८पासून हेच करते. कलाकार भाव ठरवतो, श्रोता वाटल्यास वर चार पैसे देतो, फाईल कायमची त्याची होते, आणि डिजिटल विक्रीतला १० ते १५ टक्के वाटा काय तो दुकान घेते. ही पद्धत आगरी हळदीला चपखल बसेल असे मला वाटते, नव्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांना कदाचित नाही. फाईलबरोबर एक पावती यायला हवी, गाण्याचे नाव आणि परवान्याचा क्रमांक असलेली. उद्या कोणी तपासायला आलेच तर डीजेला दाखवायला काहीतरी असेल.

पैसे पुढे कोणाला जातात, हेही श्रोत्याला समजले पाहिजे. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तजवीज केली, राज्यसभेत जावेद अख्तर त्यासाठी भांडले. पण विकत घेतलेल्या फाईलमध्ये गीतकाराचे नावच नसेल तर त्या हक्काची आठवण तरी कोणाला राहणार? मराठी माणूस गाणे ऐकताना ‘शब्द कोणाचे, चाल कोणाची’ हे विचारतो. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असे ५६ गाण्यांचे झाले, आणि गदिमा व फडके ही नावे त्यापासून वेगळी काढता येत नाहीत. आणि फाईलवर ‘ट्रॅक ०३’ असे रोमन लिपीत! देवनागरीत पूर्ण श्रेयनामावली देणे ही फार खर्चाची बाब नाही, दुर्लक्षाची आहे.

जुन्या मुद्रणांबाबत तर श्रोत्याची मागणी आणखी पुढे जाऊ शकते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. १९६४पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरचा कंपनीचा हक्क संपलेला आहे, शब्द आणि चालीवरचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. अशा गाण्यांच्या भावात कंपनीचा वाटा का असावा, हे विचारायला हरकत नाही. गीतकार-संगीतकारांच्या वारसांचा वाटा आणि उतरवण्याचा खर्च, एवढाच भाव रास्त ठरेल.

सर्वांत अवघड गाठ मात्र वेगळीच आहे. १४ एप्रिलच्या आधी ठिकठिकाणी लागणाऱ्या स्टॉलवर भीमगीतांच्या कॅसेट हजारोंनी खपल्या. त्या काढणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या आज अस्तित्वात नाहीत. मालक वारले, दुकाने गेली, करारांचे कागद कुठे आहेत कोणाला ठाऊक. आगरी-कोळी गीतांच्या आणि कव्वालीच्या कॅसेटचीही तीच गत. ही गाणी कोणी कायदेशीरपणे विकू म्हटले तरी परवाना कोणाकडे मागायचा? कलम ३१ए मध्ये कर्ता सापडत नसेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. पण त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, अर्ज करायचा, आणि २०२१मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून हे काम न्यायालयाकडे आहे. एका भीमगीतासाठी न्यायालयात वकील कोण उभा करणार? अशा गाण्यांचे पैसे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेकडे अनामत ठेवून विक्री करू द्यावी आणि वारस पुढे आले की त्यांना ते द्यावेत, एवढी सोय कायद्यात झाली तर हे दालन उघडेल. तोवर ही गाणी ऐकायची तर ती जुन्या कार्डांत आणि कोणीतरी परस्पर चढवलेल्या व्हिडिओंतच ऐकावी लागतात.